हृदयाचं आवळणं, हृदयाचं सैलावणं

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यात बसून हृदयाच्या पेशीविषयी लिहायचं तर सुरुवात तांबड्या विंचवापासून करणं भाग आहे. महाड-पोलादपूरच्या डोंगरांपासून इकडे मुरुडच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांपर्यंत तो सगळीकडे भेटतो. दगडाखाली, पेंढ्यात, सरपणाच्या ढिगात, वाडीत पडून राहिलेल्या झावळ्यांखाली. विंचू चावला की घरातली माणसं आधी एकच गोष्ट विचारतात, कळ कुठवर चढली? कळ खांद्यापर्यंत आली म्हणजे प्रकरण गंभीर, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. तांबड्या विंचवापुढे हा हिशेब उलटा पडतो. जो नुसता कळेनं तळमळतोय तो बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी हिंडूफिरू लागतो. काळजी करायची ती दुसऱ्याची. त्याला कळ बेताचीच असते, पण त्याला उलट्या होतायत, तो घामानं निथळतोय, तोंडाला लाळ सुटलीय आणि हातपाय गार पडलेत. अशा रुग्णाचा रक्तदाब आधी चढतो, मग काही तासांत हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं, तोंडाला गुलाबी फेस येतो. लहान मूल असेल तर हाताशी वेळ फारच थोडा असतो.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा वैद्यकाच्या जाडजूड ग्रंथांत विंचूदंशाला मिळणारी जागा जेमतेम होती. उपचारांचीही घडी बसलेली नव्हती. अ‍ॅट्रोपिन, स्टेरॉइड, अँटिहिस्टामिन, ज्याला जे सुचेल ते दिलं जाई, आणि त्यातलं अ‍ॅट्रोपिन तर आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी पळवणारं. बावस्करांनी खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा यांच्या नोंदी ठेवल्या. हृदयावरच्या संकटाची आगाऊ सूचना कोणती लक्षणं देतात, हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी अशा रुग्णांना द्यायला सुरुवात केली. तो अनुभव १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात छापून आला. पूर्वी गंभीर लक्षणांच्या तीन-चार रुग्णांमागे एक दगावत असे. ते प्रमाण शेकड्याला एक-दोनावर आलं. नंतर प्रतिविषही आलं. २०११ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेल्या महाडच्या चाचणीत ३५ जणांना प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलं होतं, ३५ जणांना नुसतं प्राझोसिन. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३२ निघाले, दुसऱ्यात ८. वैद्यकातलं मूलभूत काम फक्त महानगरात होतं, ही समजूत निदान रायगडकरांनी तरी सोडायला हरकत नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. प्राझोसिन विंचवाच्या विषाला हातही लावत नाही. मग माणूस वाचतो कसा?

विष काम करतं ते मुख्यतः चेतातंतूंवर. तंतूंच्या पटलावर सोडियमच्या वाहिन्या असतात; विष त्यांना मिटू देत नाही. तंतू संदेश सोडत राहतात, आणि त्यांच्या टोकाशी साठवलेलं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन व अधिवृक्क ग्रंथीतलं अ‍ॅड्रेनॅलिन एकदम रक्तात उतरतं. म्हणजे हृदयाला छळतो तो शरीराचा स्वतःचाच निरोप, फक्त अतोनात मोठ्या आवाजात. तो निरोप घेणाऱ्या ठिकाणांना रिसेप्टर म्हणतात. त्यांतल्या अल्फा नावाच्या रिसेप्टरला प्राझोसिन अडवतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, आणि बंद नळीत रक्त ढकलणाऱ्या हृदयाला मोकळीक मिळते. विष तसंच राहतं, पण निरोप पोचत नाही.

या पुस्तकाचा विषय तो निरोप आहे. तो पेशीच्या दारापर्यंत कसा येतो, दारातून आत जाताना त्याचं रूप कसं पालटतं, त्याच्या सांगण्यावरून स्नायू किती जोरात आवळतो, आणि काम झाल्यावर तो पुसला कसा जातो. शेवटच्या भागाकडे वाचकांनी खास लक्ष द्यावं. गेल्या दीडशे वर्षांत या शास्त्राला सर्वांत उशिरा कळलेली आणि रुग्णाच्या सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट तीच आहे.

हृदयाच्या स्नायूची एक पेशी साधारण १०० ते १२० मायक्रॉन लांब असते. तिच्यात अ‍ॅक्टिन आणि मायोसिनच्या तंतूंच्या ओळी असतात, आणि जवळपास एक-तृतीयांश जागा ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांनी व्यापलेली असते. पेशीबाहेरच्या द्रवात जेवढं मुक्त कॅल्शियम असतं त्याच्या सुमारे दहा हजारावा हिस्सा विसावलेल्या पेशीच्या आत असतो. ही तफावत राखण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते. विजेची लाट पटलावरून गेली की कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात आणि थोडं कॅल्शियम आत शिरतं. आकुंचनाला ते पुरत नाही. पण ते शिरतं ते नेमकं आतल्या कोठाराच्या तोंडाशी. पटल आणि कोठार यांच्यातली फट मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाएवढी असते. कोठाराच्या दारांना, म्हणजे रायनोडिन रिसेप्टरना, हे थोडं कॅल्शियम लागलं की दारं उघडतात आणि साठा बाहेर पडतो. पेशीतलं मोकळं कॅल्शियम साधारण दहापट होतं, ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, ट्रोपोनिन ट्रोपोमायोसिनला बाजूला सारतं आणि मायोसिनच्या मुंड्या अ‍ॅक्टिनला पकडून ओढू लागतात. छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात गेल्यावर रक्तातलं जे ट्रोपोनिन तपासतात ते याच कुळातलं. एरवी त्याचं ठिकाण पेशीच्या आत. पेशीला इजा झाली की ते रक्तात उतरतं.

बहुतेक पाठ्यपुस्तकं इथवर उत्साहानं सांगतात आणि पुढचं एका ओळीत उरकतात. पुढचं म्हणजे कॅल्शियम परत नेणं. मुरुडच्या वाडीत शिंपण पाहिलेल्या माणसाला त्याचं महत्त्व सांगावं लागणार नाही. पाटाचं पाणी आळ्यात घेण्याइतकंच वेळेवर तोंड बांधून ते पुढे वळवणं महत्त्वाचं. पाणी तुंबून राहिलं तर पोफळ कुजते. माणसाच्या हृदयपेशीत सुटलेल्या कॅल्शियमपैकी सुमारे ७० टक्के सर्का नावाचा पंप कोठारात परत ओढतो आणि बाकीचं बहुतेक सोडियमच्या बदल्यात पेशीबाहेर जातं. दोन्ही कामांना एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं इंधन, खर्ची पडतं, पहिल्याला थेट, दुसऱ्याला आडवळणानं. सैल पडणं म्हणजे विसावा, असं आपण धरून चालतो. हृदयासाठी तेही कष्टाचं काम आहे. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून जास्त वेळा ते करावं लागतं.

माणूस जिना चढतो, घाबरतो, किंवा समोरून बैल उधळत येतो. तेव्हा याच यंत्रणेला जोर आणि वेग दोन्ही वाढवावे लागतात. अ‍ॅड्रेनॅलिन पेशीच्या आत पाऊल टाकत नाही. पटलावरच्या बीटा रिसेप्टरला ते बाहेरून चिकटतं. आतल्या बाजूला जी-प्रोटीन हलतं, ते अ‍ॅडेनिलिल सायक्लेज या विकराला चेतवतं, विकर एटीपीपासून सायक्लिक एएमपी हा चिमुकला रेणू बनवतं, तो रेणू प्रोटीन कायनेज-ए ला जागं करतो आणि हे कायनेज निवडक प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतं. कोणत्या प्रथिनांना? पटलावरच्या कॅल्शियम वाहिनीला, म्हणजे कॅल्शियम जास्त येतं. कोठाराच्या दाराला. सर्का पंपावर दाब ठेवून बसलेल्या फॉस्फोलॅम्बानला, म्हणजे तो दाब उठतो आणि पंप जोरात चालतो. आणि ट्रोपोनिनच्या एका घटकाला, म्हणजे ट्रोपोनिन कॅल्शियम लवकर सोडून देतं. यातली शेवटची दोन कामं सैल होण्यासाठीची आहेत. अ‍ॅड्रेनॅलिन हृदयाला जोर देतं हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. तेच हृदयाला लवकर सोडायलाही शिकवतं, हे मात्र डॉक्टरांच्याही मनावर ठसलेलं नसतं. ठोके दीडशेवर गेले आणि हृदय वेळेत सैल पडलं नाही, तर त्यात रक्त भरणार कधी?

निरोप पुसण्याची व्यवस्थाही लगोलग कामाला लागलेली असते. फॉस्फोडायएस्टरेज विकरं सायक्लिक एएमपी मोडतात, फॉस्फटेज विकरं चिकटवलेलं फॉस्फेट काढतात, आणि रिसेप्टर फार वेळ चेतलेला राहिला तर पेशी त्यालाच आत ओढून घेते. दुसरीकडून व्हेगस चेतातंतूचं अ‍ॅसिटिलकोलीन सायक्लिक एएमपी बनणंच कमी करतं. तिसरी वाट नायट्रिक ऑक्साइड आणि सायक्लिक जीएमपीची. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी रक्तवाहिन्यांच्या पेशींत याच वाटेनं काम करते. अल्फा रिसेप्टरची वाट आणखी वेगळी, ती आयपी-थ्री या रेणूवरून जाते. विंचूदंशात ती आणि बीटाची वाट दोन्ही एकाच वेळी दुथडी भरून वाहतात.

हे सगळं एका माणसानं किंवा एका पंथानं शोधलेलं नाही. किंबहुना या क्षेत्रातले पंथ दीर्घकाळ एकमेकांशी धड बोलतही नव्हते.

पहिली गोष्ट नळाच्या पाण्याची. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय बाहेर काढून मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते. १८८२ मध्ये त्यांनी ते छापले. हृदय उत्तम चाललं होतं. मग लक्षात आलं की द्रावण करायला वापरलेलं पाणी ऊर्ध्वपातित नव्हतं, नळाचं होतं. ऊर्ध्वपातित पाणी घेऊन तोच प्रयोग केला तर ठोके मंदावत गेले आणि थांबले. न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळातून येणारं कॅल्शियम ते हृदय चालवत होतं. १८८३ मध्ये रिंगरनी हे सरळ लिहून टाकलं. सलाइनच्या बाटलीवर ‘रिंगर लॅक्टेट’ लिहिलेलं आपण सगळे वाचतो. ते रिंगर हेच. गंमत अशी की कॅल्शियमशिवाय हृदय आवळत नाही हे १८८३ मध्ये कळलं, पण कॅल्शियम नेमकं काय करतं हे कळायला आणखी ऐंशी वर्षं गेली.

मधली वर्षं यांत्रिकी पंथानं गाजवली. ओटो फ्रँक यांनी १८९५ मध्ये आणि पुढे लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी दाखवलं की हृदयात जितकं जास्त रक्त भरावं तितका पुढचा ठोका जोरकस. नियम खरा आहे आणि आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी भेटतो. पण त्याच्या तेजात असं वाटू लागलं की हृदय म्हणजे ताणला तर आवळणारा पंप, बाकी रसायन दुय्यम. दुसरा पंथ चेतातंतू आणि औषधांचा. ग्राझमध्ये ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता उद्दीपित केली आणि त्या हृदयाभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर ओतलं. दुसऱ्याचेही ठोके मंदावले. चेतातंतू रसायनातून बोलतात हे त्यातून ठरलं. १९४८ मध्ये रेमंड अल्क्विस्ट यांनी अ‍ॅड्रेनॅलिनचे रिसेप्टर अल्फा आणि बीटा अशा दोन जातींचे आहेत असं मांडलं. त्यांचा लेख आधी एका नियतकालिकानं परत पाठवला होता. जेम्स ब्लॅक यांनी मात्र ते मनावर घेतलं आणि बीटा रिसेप्टर अडवणारं प्रोप्रॅनोलॉल १९६४ मध्ये जगापुढे आलं.

तिसरा पंथ जीवरसायनवाल्यांचा, आणि माझ्या मते खरी कलाटणी त्यांनीच दिली. अर्ल सदरलँड यांना हृदयात रस नव्हता. अ‍ॅड्रेनॅलिनमुळे यकृतातून साखर कशी सुटते हे ते शोधत होते, आणि त्यातून १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात सायक्लिक एएमपी हाती लागलं. बाहेरचं संप्रेरक हा पहिला दूत, आतला हा रेणू दुसरा दूत, ही कल्पना त्यांची. १९७१ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी फॉस्फेट चिकटवणं-काढणं ही पेशीची कळ असल्याचं दाखवलं. तिकडे टोकियोत सेत्सुरो एबाशी यांनी १९६०च्या दशकात ट्रोपोनिन शोधलं आणि रिंगरच्या कॅल्शियमला अखेर काम सापडलं. एटीपीचा पत्ता लावणाऱ्यांत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर राबणारे आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, १९२९ मध्ये; हे नाव आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत अजून पुरेशा ठळकपणे येत नाही.

चौथा पंथ विजेचं मोजमाप करणाऱ्यांचा. हराल्ड रॉयटर यांनी १९६०-७० च्या दशकांत हृदयपेशीतला कॅल्शियमचा प्रवाह मोजला आणि अ‍ॅड्रेनॅलिननं तो वाढतो हे दाखवलं. अलेक्झांडर फाबियाटो यांनी पटल काढून टाकलेल्या पेशींवर कॅल्शियमनं कॅल्शियम सुटतं हे पक्कं केलं. मिचिहिको ताडा आणि अर्नोल्ड कॅट्झ यांनी फॉस्फोलॅम्बान हुडकलं. जी-प्रोटीनसाठी १९९४ मध्ये आणि रिसेप्टरच्या घडणीसाठी २०१२ मध्ये नोबेल दिलं गेलं, आणि बाहेरच्या दारापासून आतल्या तंतूपर्यंतची साखळी कागदावर तरी पुरी झाली.

पण साखळी जुळत असतानाच तिला तडा देणारं निरीक्षण समोर आलं होतं. १९७० च्या दशकात प्रयोगशाळांत दिसलं की आयसोप्रोटेरेनॉल हे बीटा रिसेप्टर चेतवणारं औषध दिलं की हृदयात सायक्लिक एएमपी वाढतं आणि आकुंचनाचा जोरही वाढतो. प्रोस्टाग्लँडिन ई-वन दिलं तर सायक्लिक एएमपी वाढतं, जोर मात्र वाढत नाही. दूत तोच, निरोप वेगळा! याचा उलगडा असा की पेशी म्हणजे रसायनांनी भरलेली पिशवी नाही. तिच्यात कोपरे आहेत, प्रत्येक कोपऱ्यात स्वतंत्र रिसेप्टर, स्वतंत्र कायनेज आणि निरोप तिथल्या तिथे पुसणारी विकरं आहेत. १९९३ मध्ये हेपिंग चेंग, जोनाथन लेडरर आणि मार्क कॅनेल यांनी कॅल्शियमच्या ठिणग्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. एका छोट्या जागी काही दारं उघडतात, क्षणभर झळकतं, विझतं. अशा हजारो ठिणग्या एका तालात पेटल्या की एक ठोका होतो. किती रेणू, याच्या जोडीला कुठे आणि किती वेळ, हे प्रश्न तेव्हापासून मध्यभागी आले. आजचं बहुतेक संशोधन हेच प्रश्न विचारणाऱ्या पंथाचं आहे. सगळं सुरळीत आहे असंही नाही. निकामी होत चाललेल्या हृदयात रायनोडिन रिसेप्टर फॉस्फेटमुळे गळका होतो की नाही, यावर अँड्रयू मार्क्स यांच्या गटानं २००० मध्ये मांडलेलं मत आणि त्याला झालेला विरोध यांचा निकाल अजून लागलेला नाही.

मुरुडसारख्या ठिकाणी दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्याला या सगळ्याशी काय देणंघेणं? एकदऱ्याच्या एका कोळी आजींनी ते माझ्यापेक्षा नेमकं विचारलं होतं. हृदयाची ताकद अर्ध्यावर आलेली, पायांना सूज, गोळ्यांचा डबा पुढ्यात. मेटोप्रोलोलची पट्टी वर धरून त्या म्हणाल्या, “डाक्टर, काळीज कमजोर हाय म्हणता, मग ठोके कमी करायची गोळी कशाला देता? जोर यायची द्या ना.” वैद्यकानं दोनशे वर्षं हीच चूक केली.

विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये डिजिटॅलिसवर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून दुबळ्या हृदयाला जोर द्यायचा हाच मार्ग होता. डिजिटॅलिसच्या कुळातलं डिजॉक्सिन पेशीचा सोडियम पंप अडवतं. तो पंप येन्स स्कू यांना १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत सापडला होता. आत सोडियम साचतं, म्हणून कॅल्शियम बाहेर जाणं मंदावतं आणि पुढचा ठोका जोरकस होतो. आपल्या अंगणातल्या कण्हेरीत आणि पिवळ्या बिट्टीत याच कुळातली विषं आहेत. बिट्टीची बी मुलांच्या हाती लागू देऊ नये ती म्हणूनच. डिजॉक्सिनची मोठी चाचणी १९९७ मध्ये पुरी झाली. त्यानं रुग्णालयाच्या वाऱ्या कमी झाल्या, मृत्यू कमी झाले नाहीत. त्याहून धडा देणारी गोष्ट मिलरिनोनची. हे औषध फॉस्फोडायएस्टरेज अडवतं, म्हणजे सायक्लिक एएमपी पुसलं जाऊ देत नाही. हृदयाचा जोर वाढतो आणि कागदावर तर्क बिनचूक दिसतो. १९९१ मध्ये १,०८८ रुग्णांच्या चाचणीत गोळीच्या रूपातल्या मिलरिनोननं मृत्यू २८ टक्क्यांनी वाढवले.

उलट वाट धरली होती ती गॉथेनबर्गच्या फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९७५ मध्ये त्यांनी मोजक्या सात रुग्णांना, ज्यांची हृदयं दुबळी आणि ठोके जलद होते, बीटाब्लॉकर, म्हणजे आजींच्या मेटोप्रोलोलच्या कुळातलं औषध, दिलं. त्या काळी हे पाठ्यपुस्तकाच्या थेट विरोधात होतं. पंचवीस-एक वर्षांनी, १९९९ मध्ये, दोन मोठ्या चाचण्यांत बीटाब्लॉकरनं मृत्यू सुमारे एक-तृतीयांशानं कमी केले. दुबळं हृदय जोराच्या निरोपाला मुकलेलं नसतं. निरोप सतत येत राहतो, पेशी रिसेप्टर आत ओढून कान मिटून घेते, कॅल्शियमचं कोठार नीट भरत नाही आणि सैल होणं लांबतं. निरोप कमी केला की पेशी सावरते. आजींना मी एवढंच म्हटलं, तुमच्या काळजाला आधी गप्प बसू द्यायचंय. त्यांना ते पटलं. निदान गोळी तरी चालू राहिली.

या निरोपाच्या चेतातंतूंतल्या साठ्यावरच हात ठेवणारं आणखी एक औषध आपल्या पश्चिम घाटाच्या रानातलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरचा उपयोग जगापुढे मांडला. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधेतलं रेसर्पिन चेतातंतूंच्या टोकाशी असलेला नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा साठा हळूहळू रिता करतं. तांबडा विंचू तोच साठा एका झटक्यात ओततो. एक रक्तदाबाचं औषध, दुसरं जीव घेणारं विष, आणि फरक निव्वळ वेगाचा. तांबड्या विंचवाच्या विषातून १९९० मध्ये वेगळं केलेलं आयबेरियोटॉक्सिन आज पोटॅशियमची एक विशिष्ट वाहिनी अडवण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. कोकणच्या पेंढ्यातला हा प्राणी असा शास्त्राच्या हत्यारांतही जाऊन बसलाय.

हा विषय आत्ता मराठीत यायला हवा याचं एक कारण आपल्या रक्तातच आहे. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मायोसिनला धरून असलेल्या एका प्रथिनाच्या जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत गळालेला आहे, आणि अशांना पुढच्या वयात हृदयस्नायूच्या विकाराचा धोका वाढतो. प्रोटीन कायनेज-ए ज्यांना फॉस्फेट चिकटवतं त्यांतलंच हे एक प्रथिन. चार टक्के म्हणजे आपल्याकडे कोट्यवधी माणसं. त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही, म्हणून घाबरून जाण्यात अर्थ नाही. पण कुटुंबात कमी वयात हृदय निकामी झाल्याची उदाहरणं असतील तर ती डॉक्टरांना सांगितलीच पाहिजेत. दुसरं कारण औषधांचं. अति जोरात आवळणाऱ्या हृदयासाठी मायोसिनलाच आवर घालणारं मावाकॅम्टेन २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. सर्काचं जनुक विषाणूवाटे हृदयात पोचवण्याचा प्रयोग मात्र आधी आशा दाखवून २५० रुग्णांच्या चाचणीत अपयशी ठरला. पंप वाढवला की हृदय सुधारेल, इतकं हे सरळ नाही.

प्रस्तुत पुस्तक या विषयाचा ज्ञानकोश व्हायचा प्रयत्न करत नाही, आणि ते बरंच आहे. संपादकांनी विद्युतवाले, जीवरसायनवाले आणि खाटेशी उभे राहणारे डॉक्टर यांना एकत्र लिहायला बसवलंय. त्यामुळे एकच ठोका तीन बाजूंनी तीनदा वाचायला मिळतो. काही ठिकाणी लेखक एकमेकांना छेद देतात आणि संपादकांनी ते मिटवण्याची घाई केलेली नाही. मला हे आवडलं. आवडलं नाही ते हे की हृदय सैल होण्याच्या विकारांना, जे मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या वयस्कांत सर्रास दिसतात, त्यांच्या मानानं पानं कमी मिळालीत. पुढच्या आवृत्तीत ती उणीव भरून काढावी. बारावीचं जीवशास्त्र आलेल्या कुणालाही हे पुस्तक पेलेल. वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं मात्र चटकन ओळखीचे शब्द दिसले म्हणून पानं ओलांडू नयेत. तालुक्याच्या डॉक्टरांनी विंचूदंशाचं प्रकरण आधी वाचावं. आमच्या इथून अलिबागचं जिल्हा रुग्णालय पन्नासेक किलोमीटरवर आहे, आणि तेवढ्या वाटेत काय द्यायचं, काय द्यायचं नाही, हे त्या पानांवर स्पष्ट लिहिलंय.

घरच्या वाचकांना एक विनंती. वाचताना आपल्या गोळ्यांची पट्टी शेजारी ठेवा, नाव शोधा, ती गोळी साखळीच्या कुठल्या कडीवर बसते ते पाहा. पण वाचून हुरूप आला म्हणून बीटाब्लॉकरची गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका. ती चालू असताना पेशीनं पटलावर जादा बीटा रिसेप्टर मांडलेले असतात. अचानक गोळी थांबली की तेवढे सगळे उघडे पडतात, आणि पुढचे काही दिवस हृदयविकाराच्या झटक्याचा धोका खरोखरच वाढतो. गोळी कमी करायची असेल तर ती तुमच्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू.